शेवटच्या दहा फुटांपासून सुरुवात

गोल्फ शिकायचा असेल तर सुरुवात ग्रीनवर, म्हणजे चेंडू पाडायच्या खड्ड्याभोवतीच्या (या खड्ड्याला होल किंवा कप म्हणतात) बारीक कापलेल्या गवतावर करावी, हातात पटर, म्हणजे चेंडू गडगडत न्यायची काठी घेऊन, असं माझं आता ठाम मत आहे. चेंडू दोन-अडीचशे यार्ड लांब धाडायचं नंतर बघता येईल. पार 72 च्या, म्हणजे 72 फटक्यांत पुरा करायच्या कोर्सचा हिशोब मांडताना दर होलमागे दोन पट, म्हणजे पटरचे दोन फटके, धरलेले असतात. 18 होलचे झाले 36, म्हणजे निम्मा खेळ. या निम्म्या खेळाला दंडात जोर लागत नाही, कमरेला पीळ द्यावा लागत नाही, वय आडवं येत नाही. लागते ती नजर, हलका हात आणि वेगाचा अंदाज. त्यातही वेग आधी शिकावा, दिशा मागाहून. हे मला शिकता शिकता पटत गेलं, त्याचीच ही हकिकत.

मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढले. आमच्या भागातल्या मराठी घरांतली मुलं क्रिकेट खेळायची, काही जण जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायची, सुटीच्या दुपारी सगळ्यांचा मिळून कॅरम. गोल्फ कुणाच्या बोलण्यातही नसे. खरं तर कोर्स रिक्षाने दहा मिनिटांवर, लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात. 1930 च्या दशकात महाराज प्रतापसिंहरावांनी तो आपल्या युरोपीय पाहुण्यांसाठी करवून घेतला. त्यांचे नातू समरजितसिंह गायकवाड स्वतः रणजी खेळलेले. त्यांनी 1990 च्या दशकात कोर्स नव्याने तयार केला आणि लोकांसाठी खुला केला. तरीही आमच्यासारख्यांचा संबंध एवढाच, की बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना सयाजीरावांचा राजवाडा दाखवायला न्यायचं आणि ती हिरवळ लांबून बघून परत यायचं.

माझं लक्ष या खेळाकडे वळलं 7 ऑगस्ट 2021 च्या शनिवारी. त्या संध्याकाळी नीरज चोप्राने भालाफेकीचं सुवर्ण जिंकलं, पण आमच्या घरी सकाळपासून टीव्ही लावला होता तो अदिती अशोकसाठी. टोकियो ऑलिंपिकमधली महिला गोल्फची शेवटची फेरी चालू होती. अदितीचे ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचे लांब फटके, बरोबरच्या खेळाडूंपेक्षा आखूड पडत. पुढचा फटका तिला त्यामुळे लांबून मारावा लागे. आणि ग्रीनवर पोचली की ती सगळी तूट पटरने भरून काढी. 15 अंडर पार, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा 15 कमी घेऊन ती चौथी आली. कांस्य मिळवणारी लिडिया को 16 अंडर होती, फक्त एक फटका पुढे. मला तेव्हा नियमही धड माहीत नव्हते. पण मी हायर सेकंडरीला भौतिकशास्त्र शिकवलंय. तो चेंडू ढाळावर वळण घेत घेत कपाशी येऊन बरोबर मंदावतो, हे बघताना माझी नजर टीव्हीवरून हलली नाही.

पुढे निवृत्त झाले. डावा खांदा आखडला आणि बॅडमिंटन सुटलं. माझा भाचा इथे गोल्फ खेळतो. तो म्हणाला, "मावशी, पटिंगला हात कमरेच्या वर जातच नाही. चल, तुला आमच्या सरांकडे नेतो." फिजिओथेरपिस्टला विचारलं, त्यांनी होकार दिला आणि मी गेले.

सर इथलेच, मराठी. पहिल्या दिवशी त्यांनी मला कपाकडे फिरकू दिलं नाही. सरावाच्या ग्रीनवर मधोमध उभं केलं, पायाशी काही चेंडू टाकले आणि म्हणाले, "ताई, बारीक गवत संपून जाड गवत सुरू होतं ती कड दिसते ना? चेंडू त्या कडेवर थांबला पाहिजे. जाड गवतात शिरला तर जास्त झालं, अलीकडे राहिला तर कमी. डावीकडे गेला, उजवीकडे गेला, बघू नका."

तेवढंच, तास संपेपर्यंत. आधी जवळच्या कडेला, मग लांबच्या, मग चढावर, मग उतारावर. नवीन माणूस कपाकडे बघायला लागला की त्याचं सगळं लक्ष चेंडू आत जातो की नाही याच्यावर खिळतं. चेंडू चार इंच बाजूने जाऊन आठ फूट पुढे निघून गेला तरी तो म्हणतो, थोडक्यात हुकलं. ते थोडक्यात नसतं. चार इंच बाजूने जाऊन कपाशेजारी थांबलेला पट सुखाचा, पुढचा टेकवला की संपलं. आठ फूट पुढे गेलेला पट मात्र आणखी दोन फटके मागतो. कप नजरेआड ठेवला की हे आपोआप उमजतं, कारण मोजायला दुसरं काही उरतच नाही.

सरांनी त्याच दिवशी आणखी एक गोष्ट हाताला लावली. चेंडू लांब न्यायचा म्हणून पटर जोरात हाणायचा नाही. पटर मागे जास्त न्यायचा, पुढेही तितकाच जाऊ द्यायचा, लय एकच ठेवायची. मागे जायला जो वेळ लागतो, त्याच्या साधारण निम्म्यात पटर परत चेंडूपाशी येतो, आणि जवळचा पट असो की लांबचा, हे प्रमाण बदलत नाही. खांदे, दंड आणि पटर यांचा मिळून एक त्रिकोण होतो, तो त्रिकोणच डोलतो. मनगट वाकलं की त्रिकोण मोडला. आमच्याकडे क्रिकेट नाही तर बॅडमिंटन खेळलेले लोक जास्त, त्यांच्या मनगटाला चेंडू दिसताच वळायची सवय असते. सर माझ्या उजव्या मनगटाच्या मागे एक साधी फूटपट्टी धरायचे. मनगट मागे गेलं की ती टोचायची. काही दिवसांत पट्टीची गरज राहिली नाही.

चेंडू पटरवरून सुटला की पहिले काही इंच तो गडगडत नाही, घसरतो. मग गवताचं घर्षण त्याला फिरवायला लागतं आणि पुढे तो शुद्ध गडगडत जातो. घन गोळा नुसता घसरत सुटला तर गडगडायला लागेपर्यंत त्याचा वेग सुरुवातीच्या 5/7 वर येतो. हे गणित मी वर्षानुवर्षं फळ्यावर सोडवून दाखवलं. त्याचा खरा चेंडू आणि खरं गवत मला इथे भेटलं. पटरचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, आपल्याला सरळ उभं वाटतं, पण त्याला तीन-चार अंशांचा कल दिलेला असतो. चेंडू स्वतःच्या वजनाने गवतात किंचित रुतून बसलेला असतो, त्या खळग्यातून तो वर यावा म्हणून. कल फार झाला तर चेंडू उडी मारतो, उलटा झाला तर गवतात दाबला जाऊन उसळतो. दोन्हींत वेगाचा अंदाज बिघडतो. हात चेंडूच्या फार पुढे किंवा मागे ठेवले की हेच होतं, म्हणून सर दर वेळी आधी हात कुठे आहेत ते बघायचे.

वेग आधी का, हे मी घरी येऊन कागदावर मांडलं. कपाचा व्यास 4.25 इंच, म्हणजे 108 मिलिमीटर. (हे माप आलं स्कॉटलंडमधल्या मसलबरातून. 1829 साली तिथे होल कापायचं यंत्र केलं गेलं, त्याचा व्यास हा होता, आणि 1891 मध्ये स्कॉटलंडमधल्याच आर अँड ए या गोल्फ क्लबने तोच प्रमाण ठरवला.) चेंडूचा व्यास 42.67 मिलिमीटर, त्याहून लहान चालत नाही. आता चेंडू कपावरून जाताना आत पडायचा असेल, तर पलीकडच्या कडेशी पोचेपर्यंत तो निदान आपल्या त्रिज्येइतका, सुमारे 21 मिलिमीटर, खाली आलेला हवा. तेवढं पडायला 0.066 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात त्याला पुढे सरकायला जागा आहे 87 मिलिमीटर. भागाकार केला की उत्तर येतं सेकंदाला 1.3 मीटर. पलीकडच्या कडेला आपटून आत पडणारे धरले तर आणखी थोडा वेग खपून जातो, पण चेंडू कपाच्या अगदी मधून गेला तरच. मध्यापासून जरा बाजूला सरकला की कपावरून जायचं अंतर घटतं आणि खपणारा वेगही घटतो.

याचा अर्थ सरळ आहे. जोरात येणाऱ्या चेंडूसाठी कप अरुंद होतो, सावकाश येणाऱ्याला तो पुरता सव्वाचार इंच मिळतो. दिशेत थोडं इकडेतिकडे झालं तर वेग ते सांभाळून घेतो. वेग चुकला तर दिशा काही सांभाळू शकत नाही. मी हा कागद सरांना दाखवला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि नंतर दुसऱ्या शिकणाऱ्यांना दाखवताना मी पाहिलं, मला फार बरं वाटलं.

मग अगदी हळूच मारावं का? तेही नाही. कपापर्यंत पोचलाच नाही तो चेंडू आत जाण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय शेवटच्या फुटा-दीड फुटात मंद झालेल्या चेंडूला गवताची प्रत्येक काडी ढकलते. डेव्ह पेल्झ हे पूर्वी नासात काम केलेले शास्त्रज्ञ, पुढे पटिंगचे शिक्षक झाले. त्यांनी चाचण्या घेऊन सांगितलं की हुकला तर कपाच्या 17 इंच पुढे जाऊन थांबेल असा वेग सगळ्यांत फायद्याचा. सर म्हणतात, "सतरा इंच कुठे मोजत बसणार, ताई? एक हातभर पुढे."

दिशेचे धडे यानंतर सुरू झाले, आणि ते घरात करता आले.

उभं राहायचं कसं, याला सर फार वेळ देत नाहीत. पाय खांद्याइतके, गुडघे जरा सैल, चेंडू दोन पावलांच्या मध्यापेक्षा किंचित डाव्या पायाकडे, नजर चेंडूच्या बरोबर वर. नजरेची खात्री करायला दुसरा चेंडू दोन भुवयांच्या मधे धरून सोडून द्यायचा. तो जमिनीवरच्या चेंडूवर पडला तर डोकं जागेवर आहे. पकड बोटांत न धरता तळहातात, आयुष्यरेषेवर दांडा टेकवून, म्हणजे मनगट आपोआप शांत राहतं. दाब किती? पटर हातातून सुटणार नाही इतपत. मी उजव्या हाताने खेळते, नेहमीच्या पकडीत उजवा हात खाली येतो. माझ्या आखडलेल्या खांद्यासाठी सरांनी डावा हात खाली, उजवा वर अशी पकड करून बघायला सांगितली. खांदे समपातळीत आले आणि दुखणंही थांबलं. मोठे मोठे खेळाडूही अशी पकड घेतात, म्हणून कुणी ती कमी प्रतीची समजू नये.

दिशेचं खरं शिक्षण माझ्या जुन्या मीटरपट्टीने केलं. चेंडू कुठल्या बाजूला सुटणार, हे ठरवण्यात पटर कुठून कसा आला यापेक्षा चेंडूला लागताना त्याचं तोंड कुठे होतं याचा वाटा कितीतरी मोठा असतो. हॉलमध्ये सतरंजी अंथरली, तिच्यावर लाकडी मीटरपट्टी ठेवली, एका टोकाला चेंडू ठेवून पटरने तो पट्टीवरून चालवायचा. पट्टी अडीच सेंटिमीटर रुंद. चेंडू पूर्ण मीटरभर पट्टीवरून न पडता गेला, तर त्याची दिशा पाऊण अंशाच्या आत होती असं समजायचं. आणि सरळ, सपाट ग्रीनवर दहा फुटांवरून चेंडूचा मध्य कपाच्या कडेच्या आत राहायला दिशेत चूक चालते सुमारे एका अंशाची. म्हणजे ज्याचा चेंडू पट्टीवर टिकतो, त्याची दिशा दहा फुटांना पुरते. तीन फुटांवरून तर तीन अंशांच्या वर सूट आहे. हे आकडे कळले आणि माझी छोट्या पटांची धास्ती गेली. आमच्याकडे येणारी शेजारची मुलंही पट्टीवर चेंडू चालवून बघतात. त्यातल्या आठवीतल्या मुलीचा चेंडू माझ्यापेक्षा जास्त वेळा टोकापर्यंत जातो.

ग्रीनवर सर हेच काम दोन टी, म्हणजे चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या, रोवून करून घेतात. पटरच्या रुंदीपेक्षा जेमतेम जास्त अंतर ठेवून दोन टी, त्यांच्या मधून पटर न्यायचा. टीला लागला की खटकन आवाज येतो, सांगायला कुणी लागत नाही. टायगर वुड्ससुद्धा सामन्याआधी या फाटकाचा सराव करतो.

पटर कुठला घ्यावा यावर लोक फार बोलतात. मी सरांकडचे दोन्ही प्रकार चालवून बघितले: पातळ ब्लेड आणि मागे मोठं डोकं असलेला मॅलेट. माझा कल मॅलेटकडे. 1966 मध्ये कार्स्टन सोल्हाइम या अभियंत्याने पिंग कंपनीचा अँसर पटर काढला, त्यात धातू डोक्याच्या दोन टोकांकडे सरकवला होता. वस्तुमान मध्यापासून दूर गेलं की जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरवण्याला होणारा विरोध, वाढतं. मग चेंडू अगदी मधोमध न लागता जरा बाजूला लागला तरी डोकं कमी पिळतं. मॅलेटमध्ये हेच तत्त्व आणखी पुढे नेलंय. नवशिक्याचा चेंडू दर वेळी मधोमध लागत नाही, त्यामुळे त्याला हा आधार मिळायलाच हवा. लांबी मात्र उंचीप्रमाणे घ्यावी. बाजारात 34-35 इंची सहज मिळतात. माझ्या उंचीला 33 बरोबर बसला. लांब पटर घेऊन कोपरं बाहेर काढून उभं राहिलं की आधी शिकलेलं सगळं वाया जातं.

आता ढाळ. माझ्या मते पटिंगमधला सगळ्यात सुंदर भाग हा, आणि तो मला शिकवला दवाने.

डिसेंबर-जानेवारीत बडोद्याला पहाटे चांगलं दव पडतं. उजाडता उजाडता ग्रीनवर गेलं, माळ्यांनी दव झाडायच्या आत, तर सगळं ग्रीन राखाडी दिसतं. त्यावरून चेंडू गेला की मागे हिरवी गडद रेघ उमटते. सरांनी मला ढाळावर आडवा एक लांब पट मारायला लावला आणि चेंडू थांबल्यावर म्हणाले, "आता रेघ बघा." सुरुवातीला रेघ जवळजवळ सरळ. अर्ध्याच्या पुढे जराशी वाकलेली. आणि शेवटच्या चार-पाच फुटांत एकदम खाली झुकलेली. ढाळाची ओढ तर सगळीकडे सारखीच होती. पण चेंडू वेगात असताना प्रत्येक फूट झटकन ओलांडतो, ओढीला वेळच मिळत नाही. मंदावला की एकेका फुटाला जास्त वेळ घेतो आणि तेवढ्यात खाली सरकतो. मग त्याच जागेवरून, त्याच दिशेने, जरा जास्त वेगाने दुसरा चेंडू मारायला सांगितला. दुसरी रेघ पहिलीच्या वरून गेली, कमी वाकली. एकाच ढाळावर दोन वेगांच्या दोन वाटा, शेजारी शेजारी, ओल्या गवतावर. वेग ठरल्याशिवाय रेषा ठरवता येत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कुठल्याही आकृतीत दिसलं नसतं. ज्याला कुणाला शिकायचंय त्याने थंडीत एकदा तरी पहाटे जाऊन हे बघावं.

यातूनच कळतं की ढाळ वाचायचा तो जास्त करून कपाच्या आसपासचा. नवीन माणूस चेंडूमागे बसून पायाजवळची जमीन न्याहाळतो. बघायचं असतं ते शेवटचा तिसरा हिस्सा. चेंडू कपाच्या खालच्या बाजूने हुकतो तेव्हा तो कधीच आत येऊ शकत नव्हता, कारण खाली गेलेला चेंडू परत वर चढत नाही. वरच्या बाजूने गेला तर शेवटपर्यंत आशा असते. म्हणून ढाळ जेवढा वाटतो त्यापेक्षा जास्तच धरा, असं सर सांगतात.

आणि गवताची वाढ. उष्ण हवेच्या भागात ग्रीनवर बहुधा बर्म्युडा जातीचं गवत असतं. त्याची पाती उभी न राहता एका बाजूला झुकतात. पाती झुकली आहेत त्या दिशेने चेंडू गेला तर भराभर जातो, विरुद्ध गेला तर अडतो, आडवा गेला तर त्या बाजूला ढकलला जातो. हे मला दाखवलं एका वयस्कर कॅडीने, म्हणजे खेळाडूचं सामान वाहणाऱ्या माणसाने. मी कपापासून पाच-सहा पावलांवर उभी होते, सपाट दिसत होतं, सरळ मारायचं ठरवलं होतं. त्यांनी मला हाताने थांबवलं, कपाशी नेलं आणि खाली बसून बोटाने दाखवलं. कपाची एक कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ होती. समोरची कड तुटक, तपकिरी, विस्कटलेली. "बेन, घास आ बाजू सूतुं छे," ते म्हणाले. गवत झुकतं त्या बाजूच्या कडेवर कापलेल्या पात्यांना मुळांचा आधार राहत नाही, म्हणून ती सुकतात. मग त्यांनी मला जरा लांब नेऊन दोन्हीकडून गवत बघायला लावलं. एकीकडून ते चकचकीत, फिकं दिसत होतं. तिकडे तोंड करून मारलं तर जलद. दुसरीकडून मंद, गडद. तिकडे हळू. "छेल्ले जमणी तरफ जशे," एवढं सांगून ते बाजूला झाले. मी डाव्या कडेवर नेम धरला. चेंडू शेवटी उजवीकडे वळला आणि आत गेला. कॅडी वर्षानुवर्षं तेच ग्रीन रोज बघतात. त्यांच्याकडचं हे ज्ञान नीट विचारून घ्यावं, आणि त्याचा मान राखावा.

ग्रीनचा वेगही रोज एक नसतो. कॅरमबोर्डवर पावडर टाकली की तोच स्ट्रायकर, तेच बोट, पण सोंगटी कुठच्या कुठे जाते, तसंच हे. दव असताना ग्रीन संथ, ऊन चढून सुकलं की जलद, ताजं कापलेलं आणखी जलद. हे मोजायचं साधन आहे, स्टिम्पमीटर. 1935 सालच्या यूएस ओपन गोल्फ स्पर्धेत ओकमाँट कोर्सच्या ग्रीनवरून जीन साराझेनसारख्या नामांकित खेळाडूचा पट बाहेर घरंगळत गेलेला एडवर्ड स्टिम्पसन यांनी पाहिला आणि हे साधन तयार केलं. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने ते 1970 च्या दशकात सुधारून स्वीकारलं. साधन म्हणजे खोबण असलेली 36 इंचांची पट्टी. एक टोक जमिनीवर टेकवून दुसरं हळूहळू उचलत न्यायचं. साधारण 20 अंशांना चेंडू खाचेतून सुटतो आणि सपाटीवर जितके फूट जातो तितका ग्रीनचा आकडा. आपल्याजवळ हे साधन नसलं तरी चालतं. खेळायच्या आधी दहा मिनिटं कपाकडे न बघता कडेपर्यंत चेंडू पाठवायचे, पहिल्या दिवशी केले तसेच. हातांना त्या दिवसाचं ग्रीन कळतं.

मला सगळ्यात धीर दिला तो व्यावसायिक खेळाडूंच्या आकड्यांनी. पीजीए टूरवरचे खेळाडू तीन फुटांवरून क्वचितच हुकतात. आठ फुटांवरून मात्र त्यांचे निम्मेच पट आत जातात. वीस फुटांवरून साधारण सातांत एक. आयुष्यभर हेच केलेल्या लोकांचं हे प्रमाण. मग आपण वीस फुटांवरून आत घालायचा हट्ट कशाला धरायचा? लांबून मारताना मनात कपाभोवती तीन फुटांचं वर्तुळ काढायचं आणि चेंडू त्यात आणून ठेवायचा. तिथून दुसरा पट आत. तीन पट लागले नाहीत की त्या ग्रीनवरचं काम चांगलं झालं. सर माझ्याकडून कपाभोवती तीन फुटांवर घड्याळातल्या आकड्यांसारखे चेंडू मांडून एकेक आत घालून घेतात. चढावरचा, उतारावरचा, डावीकडे वळणारा, उजवीकडे वळणारा, सगळे प्रकार एकाच फेरीत येतात.

भाच्याबरोबर मी आता कोर्सवरही जाते. तो ग्रीनपर्यंत चेंडू आणतो, पुढे पटर माझा. तिथे शिस्त पाळावी लागते, आणि ती मला मनापासून आवडते. चेंडू उचलायच्या आधी त्याच्या अगदी मागे नाणं किंवा मार्कर ठेवायचा. दुसऱ्याच्या चेंडूपासून कपापर्यंतच्या वाटेवर पाय ठेवायचा नाही, ओलांडून जायचं. कुणी पट मारत असताना हलायचं नाही, सावलीसुद्धा त्याच्या वाटेवर पडू द्यायची नाही. 2019 पासून नियम बरेच सोपे झाले. झेंडा कपातच ठेवून पट मारता येतो, बुटांच्या खुणा दाबून सारख्या करता येतात, आणि ग्रीनवर चुकून चेंडू हलला तर दंड नाही, परत जागेवर ठेवायचा. नवीन माणसाच्या छातीतली धडधड यामुळे निम्मी होते.

दांडिया बाजारातल्या माझ्या मैत्रिणी विचारतात, आपल्याला जमेल का. मी त्यांना सांगते, आधी पटर विकत घेऊ नका, मागून आणा. सतरंजी आणि मीटरपट्टी घरात आहेच. पट्टीवर चेंडू टिकायला लागला की एका सकाळी माझ्याबरोबर चला, कपाकडे न बघता कडेपर्यंत चेंडू पाठवून बघा. दोघी आल्यासुद्धा. त्यातल्या एकीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. तिला वाकून चेंडू काढणं अवघड जातं, म्हणून तिच्या पटरच्या मागच्या टोकाला चेंडू पकडणारी रबरी वाटी बसवून घेतली आहे. वेगाचा हात आमच्या तिघींत तिचाच सगळ्यांत चांगला.

सरांनी मला आता चिपिंग सुरू करून दिलंय, ग्रीनच्या बाहेरून चेंडू थोडा उचलून आत टाकायचं. चेंडू कुठे टेकणार आणि तिथून किती गडगडणार, हे दोन अंदाज त्यात लागतात. दुसरा मला येतो. पहिला सध्या शिकते आहे.